‘आठ दिवसांत’ करायचा पगाराचा तक्ता

५ मार्च २०२५. फेब्रुवारीच्या पगाराच्या स्लिपा छापत होते, मधेच फोन आला म्हणून उठून बाहेर गेले. परत आले तर आमच्या क्वालिटी इन्स्पेक्टरांपैकी जुना मुलगा माझ्या टेबलापाशी उभा. हातात घडी घातलेला कागद. “मॅडम, ही ट्रेमध्ये राहिली होती,” एवढंच म्हणाला आणि शॉपमध्ये निघून गेला.

स्लिप नव्या इन्स्पेक्टरची होती. तो येऊन महिना झालेला, एकूण अनुभव चार वर्षांचा, ग्रॉस (काही कापण्याआधीचा महिन्याचा पगार) २९,०००. ज्याने स्लिप आणून दिली त्याची आमच्याकडेच सहा वर्षं झाली होती आणि त्याचा ग्रॉस होता २३,८००.

१० मार्चला त्याचा राजीनामा आला. जानेवारीत एक इन्स्पेक्टर सोडून गेलेलाच होता, म्हणजे दोन महिन्यांत दुसरा. साहेबांनी बोलावून घेतलं. “सगळ्यांचे पगार एकदा ओळीने बघून टाका. कुठल्या कामाला किती, किती अनुभवाला किती, एक तक्ता करा. आठ दिवसांत होईल ना?” मी हो म्हणाले. तक्त्याप्रमाणे पहिला पगार झाला ७ ऑगस्टला.

मी मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. एचआर नावाचं खातं आमच्याकडे नाही, त्यामुळे माणसांचं जे काही असेल तेही माझ्याच टेबलावर येतं. एकूण ४१ माणसं. सुरुवातीला मी नेटवर बरंच शोधलं. मिळालं ते हजारो माणसांच्या कंपन्यांसाठीचं, नाहीतर पदाचं नाव टाकलं की कुठून आला ते न सांगता एक आकडा फेकणारं. ज्यांच्या गळ्यात हेच काम पडलंय त्यांना थोडी वाट दिसावी म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, माझ्या चुकांसकट.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. एक्सेलमध्ये ४१ नावं, पुढे पद, पुढे अनुभवाची वर्षं, पुढे पगार. मग सूत्र: सुरुवातीचा पगार आणि दर वर्षाच्या अनुभवाला ५ टक्के. दिसायला फार न्याय्य. पण २२,५०० पासून सुरुवात केली तर वीस वर्षांनी ते सूत्र ५९,७०० वर जातं, आणि आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांना तेवढा पगार नाही. वीस वर्षं ड्रिल मशिन चालवणाऱ्याला साहेबांच्या खालोखाल बसवणारा तक्ता घेऊन केबिनमध्ये जायची माझी हिंमत नव्हती.

मग वाटलं, सरकारी वेतनश्रेणी तयारच आहे, तिचीच नक्कल करू. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता घरात सगळ्यांनी पाहिलेला असतो. लेव्हल १ मध्ये १८,००० पासून ५६,९०० पर्यंत ४० पायऱ्या, दर वर्षी साधारण ३ टक्क्यांनी एक पायरी वर. दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. पण तिथे एकाच कामात राहून पगार तिपटीच्या वर जाऊ शकतो, कारण माणूस पस्तीस-चाळीस वर्षं तिथेच असणार हे गृहीत धरलंय. शिवाय महागाई भत्ता वेगळा, वर्षातून दोनदा. आमच्याकडे इन्स्पेक्टर सरासरी तीन-चार वर्षं टिकतो. त्या तक्त्यातून मी एकच गोष्ट उचलली: पगार माणसाच्या नावाला नाही, लेव्हलला चिकटवायचा.

लेव्हल पाडायच्या आधी तळ तपासायला हवा, हे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. किमान वेतन. महाराष्ट्रात उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने किमान मूळ दर ठरलेले असतात आणि त्यावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. आमच्या दोन हेल्परांच्या दरात जुलैचा भत्ता धरलेला होता, जानेवारीचा राहून गेला होता. माझ्याकडूनच. फरक अगदी थोडा होता. मार्चच्या पगारात थकबाकीसह देऊन टाकला, पण ‘योग्य पगार’ शोधायला निघालेलं माणूस कायदेशीर तळाच्याही खाली सापडावं, याची चांगलीच लाज वाटली. तुमच्याकडे असा तक्ता करायला घेतलात तर बाजारभाव वगैरे नंतर. आधी ही दोन तारखांची नोंद कॅलेंडरमध्ये टाका.

याच सुमारास एका एचआर सल्लागार फर्मकडून कोटेशन मागवलं. १,८०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, मुदत सहा आठवडे. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. शेवटी एका स्वतंत्र सल्लागार बाईंनी अर्धा दिवस बसायचे १०,००० घेतले, जीएसटी धरून ११,८००. या सगळ्या कामात बाहेर गेलेला मोठा खर्च एवढाच. त्यांनी माझी शीट पाहिली आणि नावांचा कॉलम हाइड करून टाकला. “आता सांगा, कोण काय काम करतं?” मला सांगता येईना. पदं सांगता येत होती. आमच्याकडे ४१ माणसांत २३ पदनामं होती. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ असं कार्ड असलेला मुलगा डिस्पॅचची बिलटी (मालवाहतुकीची पावती) करत होता, आणि ‘हेल्पर’ म्हणून लागलेला एक जण तीन वर्षांपासून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) एकट्याने सेटिंग करत होता. पगारवाढ देता आली नाही की पदनाम वाढवून द्यायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. त्याचं व्याज आता माझ्या शीटवर चढलेलं.

एप्रिल पूर्ण याच्यातच गेला. प्रत्येकाकडे जाऊन, काल सकाळपासून काय काय केलं ते विचारून लिहून घेतलं. ‘तुमच्या जबाबदाऱ्या सांगा’ असं विचारलं की माणसं अवघडतात आणि पुस्तकी बोलतात, ‘काल काय केलं’ विचारलं की भडाभडा सांगतात. एका माणसाला पंचवीस-तीस मिनिटं लागली. एप्रिल हा वाढीचा महिना, आणि तक्त्यासाठी वाढ थांबवलेली. त्यामुळे वही घेऊन फिरताना माझ्याकडे सगळे कसे बघत होते ते सांगायला नको. ‘जुलैपर्यंत निर्णय’ अशी नोटीस लावायला हवी होती. ती मी महिनाअखेरीस लावली, तोपर्यंत शॉपमध्ये कपातीची अफवा पिकून झाली होती.

२३ पदनामांची १४ खरी कामं निघाली. आता त्यांना लावायचे मार्क. चार गोष्टी धरल्या: कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती. या काही माझ्या डोक्यातून आलेल्या नाहीत. १९७६ च्या समान वेतन कायद्यातही सारखं काम म्हणजे काय ते सांगताना कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि सारखी परिस्थिती हेच धरलेलं होतं. मी १०० पैकी ४०, ३०, १५ आणि १५ असे वाटले. तुमच्याकडे वेगळे असू शकतील, मात्र मार्क लावायला बसण्याआधी ते ठरवून सही करून ठेवा. नाहीतर आपल्याला हवा तो निकाल येईपर्यंत माणूस वजनं हलवत बसतो. मी बसले होते, म्हणून सांगतेय.

मार्क लावायला आम्ही तिघं: मी, प्रॉडक्शन मॅनेजर आणि मेंटेनन्सचे एक जुने फोरमन. स्टोअरपर्यंत सगळं सुरळीत झालं. स्टोअर सांभाळतात त्या ताई, अकरा वर्षं झाली, ग्रॉस २०,६००. मॅनेजर म्हणाले, “स्टोअर म्हणजे काय, माल घ्यायचा, माल द्यायचा. हेल्परच्या वरची एक पायरी धरा.” मी वहीतलं पान उघडून वाचलं. आदल्या दिवशी ताईंनी सात जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदी) केले होते. एका बिलातला दर पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) जुळत नव्हता म्हणून गाडी थांबवून ठेवली होती. आणि बारांची एक गड्डी आली होती तिची टोकं (रंगावरून पोलाद कोणतं ते कळतं) रंगवलेली नव्हती, तर टेस्ट सर्टिफिकेट हातात येईपर्यंत ती रॅकवर चढू दिली नव्हती.

यावर फोरमन बोलले, मला बोलावंच लागलं नाही. ईएन ८ या कडक करता येणाऱ्या पोलादाच्या जागी साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, इश्यू झालं तर डोळ्यांना काही कळत नाही. टर्निंग होतं, मिलिंग होतं, सगळी मापं बरोबर येतात, आणि हार्डनिंगला गेल्यावर जॉब हवा तेवढा कडकच होत नाही. तोवर मजुरी, टूल, मशिनचे तास सगळं पाण्यात. इन्स्पेक्टर माप तपासतो. बार कोणता हे ताईंच्या हातून ठरतं. मॅनेजर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “जबाबदारीचे मार्क पुन्हा लावू.” इन्स्पेक्टर ६४, स्टोअर ६२. दोन्ही एकाच श्रेणीत. या एका कामावर आमचे दोन तास गेले, बाकीच्या तेरा कामांना मिळून तेवढेच लागले असतील.

आमच्या सहा श्रेणी झाल्या. मे महिन्यात बाजारातले आकडे गोळा करायला घेतले.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नोकरीच्या पोर्टलवरच्या जाहिरातीत ‘२ ते ८ लाख’ असं असतं, त्याचा काही उपयोग नाही. मी अरुंद पट्टा दिलेल्या जाहिराती तेवढ्या घेतल्या. तीन प्लेसमेंट एजन्सींना विचारलं. त्या आकडा थोडा वरचा सांगतात, कारण त्यांची फी पगारावर असते. फेब्रुवारीत आम्हीच वर्षाच्या सीटीसीच्या (माणसामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, अधिक जीएसटी असं ३७,१५५ चं बिल भरलं होतं. आमचे टॅक्सवाले वीस कंपन्यांचे पगार बघतात, त्यांना सहज विचारलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. ओळखीच्या अकाउंट्सवाल्यांनी मात्र कुणाचं नाव न घेता, या कामाला आम्ही इतक्यापासून इतक्यापर्यंत देतो, असं सांगितलं. इंटरव्ह्यूला आलेल्यांच्या जुन्या स्लिपाही आमच्या फाइलला होत्या. आजवर आम्ही ‘आधीचा पगार अधिक वीस टक्के’ असंच ठरवत आलो होतो. पहिल्या मालकाने ज्याला कमी दिलं त्याला दुसऱ्यानेही कमी द्यायचं आणि तिसऱ्यानेही, असं ते चालतं.

आकडे आले तरी ते एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. कुणी सीटीसी सांगतं, कुणी ग्रॉस, कुणी हातात येणारा. एका मुलाची ऑफर होती ४,२०,००० सीटीसीची. महिन्याचे ३५,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, १५,००० बेसिकवर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी ७२२, आणि ‘व्हेरिएबल’ म्हणून ३,५०० काढले की ग्रॉस उरतो २८,९७८. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २६,९७८. एकाच नोकरीचे हे तीन आकडे, आणि तो मित्रांना सांगताना पस्तीस सांगणार, घरी सत्तावीस. मी सगळं मासिक ग्रॉसवर आणलं, ओव्हरटाइम वगळून. आठ महिन्यांपूर्वीचा आकडा असेल तर वर्षाला ८ टक्के धरून त्यात ५.३ टक्के मिळवले. प्रत्येक आकड्यापुढे कुठून आला, कोणत्या महिन्याचा आणि कसला, हे तीन कॉलम ठेवलेत तर तुमचे आठ दिवस वाचतील. मी ते नंतर घातले आणि अर्ध्या लोकांना पुन्हा फोन केले.

तीन ते पाच वर्षं अनुभवाच्या इन्स्पेक्टरसाठी माझ्या हाती अकरा आकडे लागले: २२,०००, २३,५००, २४,०००, २५,०००, २६,०००, २७,०००, २७,५००, २८,०००, ३०,०००, ३१,००० आणि ५८,०००. सरासरी येते सुमारे २९,२७०, आणि अकरापैकी आठ जणांना त्याहून कमी मिळतंय. त्या ५८,००० ने सगळ्यांना वर ओढलं होतं. चौकशी केली तर त्या माणसाकडे सप्लायरांची ऑडिटं होती, तो नावालाच इन्स्पेक्टर. म्हणून सरासरी सोडली आणि मधला आकडा घेतला, ओळीत सहावा, २७,०००. खालचा चतुर्थक (ज्याच्या खाली साधारण पाव आकडे असतात) २४,५०० आणि वरचा (ज्याच्या वर साधारण पाव) २९,०००. एक्सेलमध्ये मीडियन आणि क्वार्टाइल ही फंक्शनं आहेत, हाताने काही करायला लागत नाही. मात्र तीन-चारच आकडे असतील तर चतुर्थकाच्या नादी लागू नका. आमच्या टूल रूमच्या कामाला चारच आकडे मिळाले. तिथे मी बाजाराला विचारायचं सोडून, ते काम मार्कांप्रमाणे कुठल्या श्रेणीत बसतं तेवढंच पाहिलं.

एका आकड्याचा पट्टा करणं हे त्या मानाने सोपं गणित. २७,००० मध्यबिंदू धरला. खालच्या टोकापेक्षा वरचं टोक ४० टक्क्यांनी जास्त ठेवायचं ठरवलं. मध्यबिंदूला १.२ ने भागलं की खालचं टोक २२,५००, त्याच्या १.४ पट वरचं टोक ३१,५००. हेल्परच्या कामात शिकण्यासारखं लवकर संपतं, म्हणून तिथे पट्टा ३० टक्क्यांचा, मॅनेजरांच्या श्रेणीत ५० टक्क्यांचा. शेजारच्या दोन श्रेण्यांचे मध्यबिंदू साधारण २० टक्क्यांच्या अंतरावर. पट्टे एकमेकांवर थोडे चढतात, चढू द्यावेत. मुरलेल्या ऑपरेटरला नवख्या सुपरवायझरपेक्षा दोन पैसे जास्त मिळाले तर काही बिघडत नाही.

अनुभवाचं काय करायचं, हा प्रश्न तसाच होता. वर्षं मोजायचं सोडलं आणि पट्ट्याचे तीन भाग केले. २५,५०० पर्यंत शिकत असलेला, विचारून करणारा. २५,५०० ते २८,५०० एकट्याने काम सांभाळणारा. त्यावर दुसऱ्याला तयार करणारा, किंवा अडलं की ज्याच्याकडे सगळे जातात तो. कुठलं माणूस कुठल्या भागात, हे त्या कामाच्या सुपरवायझरने लिहून द्यायचं, उदाहरणासह. ‘मेहनती आहे’ असं लिहून आलेले कागद मी परत पाठवले. मग उदाहरणं आली.

जूनच्या मध्याला नावांचा कॉलम पुन्हा उघडला. आत्ताचा पगार भागिले मध्यबिंदू, एवढा एकच कॉलम वाढवला. १ च्या आसपास ठीक. सोडून गेलेल्या इन्स्पेक्टरचा आला ०.८८, त्याच्या जागी आलेल्याचा १ च्या वर. ताईंचा ०.७६. अकरा वर्षं, पट्ट्याच्या तळाच्याही खाली. आपण दर महिन्याला हाताने टाइप करतो तो आकडा असा बाजूला काढून ठेवला की वेगळाच दिसतो. पाच-सहा वर्षं त्यांची स्लिप मीच काढत होते.

दोन जण पट्ट्याच्या वर निघाले, दोघंही मोठ्या साहेबांच्या काळातले. त्यांचं काही कापायचं नाही, पट्टा त्यांच्यापर्यंत सरकेपर्यंत पगार थांबवायचा आणि वर्षाला एकरकमी काहीतरी द्यायचं, असं ठरलं. एक ओळ होती माझी स्वतःची. ती मी रिकामी ठेवून साहेबांकडे दिली आणि मार्क मॅनेजर आणि सल्लागार बाईंकडून लावून घ्या म्हटलं. बाईंनी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पगाराच्या मोकळेपणावर एवढं लिहिणारी मी माझा आकडा मात्र इथे देत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

२७ जूनला मंजुरीची मीटिंग. महिन्याचा एकूण पगार ९,८०,०००, दुरुस्तीला लागणार ४३,०००, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. साहेब म्हणाले, “एवढ्यात दीड माणूस येतो.” मी ३७,१५५ चं ते बिल पुढे ठेवलं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तपासणीला पुरेशी माणसं नव्हती तेव्हा परत आलेल्या लॉटची डेबिट नोट. वाद झाला, मग तोडगा: पट्ट्याखालचे सगळे १ जुलैपासून निदान तळावर, ज्यांचं अंतर मोठं त्यांना दोन हप्त्यांत. ताईंचे जुलैपासून २४,५००, पुढच्या एप्रिलला २७,०००.

ताईंना मी स्वतःच सांगितलं. कागद पुढे केला, आकडे वाचून दाखवले. त्या जरा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मग ते दवाखान्याचं कार्ड जाईल का हो?”

माझ्या शीटमध्ये सतरा कॉलम होते. हा नव्हता. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, मर्यादा २१,००० ची. २०,६०० ला ताई आत होत्या, महिना १५५ रुपये कापले जायचे आणि घरातल्या सगळ्यांचा दवाखाना व्हायचा. मिस्टरांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिथूनच यायच्या. २४,५०० ला त्या बाहेर. लगेच नाही, अंशदानाचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो, मधे पगार वाढला तरी ३० सप्टेंबरपर्यंत कापणी आणि संरक्षण चालू राहतं, आणि त्या सहा महिन्यांच्या अंशदानाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनला जोडलेला असतो. पण शेवटी कार्ड जाणारच. अशी पाच माणसं निघाली. साहेबांनी त्या पाचांसाठी ग्रुप मेडिक्लेम घेतला, मात्र त्यात ॲडमिट झाल्यावरचं मिळतं, महिन्याच्या गोळ्या नाहीत. ताईंचा हिशेब मी त्यांच्यासमोर बसून केला: वाढ ३,९००, त्यातले गोळ्यांना साधारण १,४००. बायकांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे तो तेवढा अजून लागणार नव्हता. “म्हणजे अडीच हजार,” त्या म्हणाल्या, “बरंय.” तुमच्या यादीत १८ ते २१ हजारांच्या मधली माणसं असतील तर त्यांच्याशी आधी बोला, आकडा मग ठरवा.

पत्रं देताना आणखी एक चुकले. प्रत्येकाला त्याच्या श्रेणीचा पट्टा सांगायचा असं ठरलं होतं आणि मी उत्साहात पहिल्या काही जणांना वरचं टोक आधी सांगितलं. एक ऑपरेटर लगेच म्हणाला, “मग मला ३१,५०० कधी?” त्याची वाढ चांगली होती, पण तो हिरमुसून गेला. पुढच्यांना आधी, तुम्ही आत्ता इथे आहात आणि का, हे सांगितलं, पुढच्या भागात जायला काय करता यायला हवं ते सांगितलं, मग टोकं. तरीही सगळे खूश झाले असं अजिबात नाही. ज्यांना काहीच वाढ नाही अशा सहा जणांपैकी दोघं अजून माझ्याशी तोंडदेखलं बोलतात.

७ ऑगस्टला पगार झाला. स्लिपा छापून होईपर्यंत मी प्रिंटरजवळून हलले नाही.

हे लिहून संपवायच्या बेतात होते तेवढ्यात २१ नोव्हेंबरला वेतन संहितेसह चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या व्याख्येत न येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. वरच्या दोन श्रेण्यांत आमचं बेसिक ४० टक्के होतं, म्हणजे फोड पुन्हा नव्याने, ग्रॅच्युइटीचा हिशेबही नव्याने. पट्टे ग्रॉसवर बांधलेले असल्यामुळे ते हलले नाहीत, एवढंच बरं.

डिसेंबरात पुढच्या वर्षासाठी ताजे आकडे गोळा करायला लागले तेव्हा त्या जुन्या इन्स्पेक्टरलाही फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं. मी काय करतेय ते सांगितलं. तो म्हणाला, “३०,५००. ग्रॉस. ओव्हरटाइम सोडून.” मग थोडं थांबून, “आणि माझ्या जागी आलेल्याला?”

त्याचा आकडा नाही सांगता येणार, पट्टा सांगते, म्हटलं. २२,५०० ते ३१,५००.

“बरं,” तो म्हणाला. मागे मशिनचा आवाज येत होता. मी इन्स्पेक्टरच्या यादीत बारावी ओळ भरली: स्वतः सांगितलेला, डिसेंबर २०२५, ग्रॉस.